पीएच.डी.नंतरचा पहिला पेपर: गाइडसोबत की बाहेरच्या मेंटॉरसोबत?

नर्सिंगमधली पीएच.डी. झाली, व्हायवा पार पडला, थीसिस शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेला. आता त्यातून पेपर काढायचे. कोल्हापुरात बहुतेकांपुढे दोनच वाटा असतात: गाइड मॅडमनाच मेंटॉर ठेवायचं, किंवा मिरज-सांगली-पुण्याकडचं नियमित लिहिणारं कुणी गाठायचं.

गाइडची बाजू भक्कम आहे. डेटा त्यांच्या नजरेखालून गेलेला असतो, एथिक्स कमिटीचं पत्र कुठल्या फाइलीत आहे हे ठाऊक असतं, वॉर्डात रुग्ण निवडताना काय अडलं तेही सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला हे समजावण्यात पहिले दोन-तीन आठवडे जातात.

मला खटकलं ते एकच, आणि त्यावरच माझा निर्णय झाला. गाइडना थीसिस सोडवत नाही. जर्नल साडेतीन-चार हजार शब्द मागतं. पूर्वसंशोधनाचा आढावा तीन परिच्छेदांत बसवून दिला, की प्रिंट परत यायची ती समासात लाल शाईने ‘हा संदर्भ का गाळला?’ लिहून. संदर्भ परत आत, शब्द पुन्हा सहा हजारांवर. यात त्यांचा दोष नाही. ते प्रकरण त्यांनीच तीनदा तपासून पक्कं केलेलं असतं. बाहेरच्या मेंटॉरनी थीसिस मागितलाच नाही. एका उद्दिष्टाचे दोन तक्ते मागितले आणि त्यांवरून सांगता येईल तेवढंच लिहायला लावलं. आधी तक्ते, मग रिझल्ट, मेथड, चर्चा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोब या पेपर-लेखनाच्या तपासयादीची २२ कलमं शेजारी ठेवून, मुलाखती असतील तर कोरेक या तशाच यादीची ३२.

जर्नल निवडतानाही फरक पडतो. यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘यादीत आहे ना?’ एवढ्यावर भागत नाही. स्कोपस किंवा डीओएजे या जर्नल-सूचींच्या स्वतःच्या साइटवर आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक) टाकून बघायचं. जर्नलच्या पानावरचा लोगो हा पुरावा नव्हे. दोन दिवसांत स्वीकृतीचं आश्वासन देणाऱ्या ईमेलला उत्तरच देऊ नये. रिव्ह्यूअर म्हणून काम केलेल्याला हे चटकन ओळखू येतं. मात्र इंटरव्हेन्शनच्या (रुग्णांवर एखादा उपाय करून बघण्याच्या) अभ्यासात पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी राहिली असेल, तर त्यातून दोघंही सोडवू शकत नाहीत.

बाहेरचा मेंटॉर घेतला तरी गाइडना वगळू नका. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे लेखकत्वाचे निकष चार: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा मुळापासून तपासणं, अंतिम मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी. ज्यांचा कामात वाटा आहे त्यांना मसुदा तपासायची संधी द्यायलाच हवी. नुसता सल्ला देणाऱ्याचं नाव आभारात येतं. हे पहिल्या मसुद्याआधीच ईमेलवर ठरवून टाकावं.

तुमच्या गाइड स्वतः दरवर्षी लिहीत असतील, तर बाहेर जायची फारशी गरज नसावी. एरवी माझा कल बाहेरच्या मेंटॉरकडेच. फक्त ‘मसुदा पंधरा दिवसांत परत मिळेल का?’ हे त्यांना आधीच विचारून घ्या.