नंबर खरा, डबी खोटी: ११५० डॉलर गेले

मार्चमध्ये न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका कार्ड शोमध्ये मी ११५० डॉलर घालवले. लेकाच्या अकराव्या वाढदिवसासाठी पोकेमॉनचं १९९९ च्या बेस सेटमधलं, म्हणजे पहिल्या संचातलं, चारिझार्डचं कार्ड घेतलं, ४/१०२ (१०२ पैकी चौथं), ग्रेड ९. लिहायची लाज वाटते. पण आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत मुलांना हाच नाद आहे, म्हणून लिहितोय.

मी अगदी डोळे मिटून घेतलं नव्हतं. ग्रेडिंग कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग (चित्र किती मधोमध आहे) बघून १ ते १० आकडा देतात, हे मला माहीत होतं. हाताळलेलं सुटं कार्ड तेव्हा दोनेकशे डॉलरला होतं, तर ९ आकड्याच्या सीलबंद स्लॅबमधलं, म्हणजे कंपनीच्या प्लास्टिकच्या डबीतलं, हजाराच्या वर. म्हणून डबीच्या लेबलवरचा, प्रत्येक कार्डाला वेगळा असतो तो नोंदणी नंबर तिथल्या तिथे कंपनीच्या साइटवर टाकला. चारिझार्ड, १९९९, ग्रेड ९. सगळं जुळलं. जुळणारच, नंबर खराच होता, पण दुसऱ्या कुणाच्या कार्डाचा!

खाली त्या मूळ कार्डाचा फोटोही होता. लेक म्हणाला, "बाबा, फोटोत डावीकडची पिवळी कड जाड आहे, याची बारीक आहे." मी त्याला म्हटलं, "थांब रे जरा." समोरचा विक्रेता १२०० चे ११५० करत होता ना! लेकाचं ते वाक्य दोन महिने माझ्या कानातून जात नाही. फोटो असेल तर कार्डाशेजारी धरून बघा, नुसती अक्षरं वाचू नका.

मागच्या बाजूला किमतीचा मोठा स्टिकर होता. घरी काढला, तर निळ्या कडेवर पांढरे ठिपकेच ठिपके, म्हणजे कार्ड झिजलेलं, ९ चं नव्हेच. स्टिकर आधी काढायला लावा, नाही म्हणाला तर उठा. जाणकार दुकानदाराने डबीचा जोड बघूनच सांगितलं, कार्ड अस्सल, डबी आणि लेबल नकली. सुट्या कार्डाचे फार तर २०० मिळतील. म्हणजे ९५० डॉलर मी एका छापील आकड्याचे दिले.

पैसे विक्रेत्याने ॲपवर "मित्र-नातेवाईक" म्हणून पाठवायला लावले. तसे कधीही पाठवू नका. ॲपवाले म्हणतात, तुम्ही स्वखुशीने पाठवले. ग्रेडिंग कंपनी म्हणते, डबी आमची नाही, हमी लागू नाही. अहो, नंबर तुमचा आहे ना? आयोजकांकडे त्या टेबलाचं बुकिंग तिसऱ्याच नावावर. पोलीस चौकीत पाऊण तास बसवून हवालदाराने विचारलं, "कार्टूनचं कार्ड? ११५० ला?" आणि दिवाणी मामला म्हणून कागद हातात दिला. सरकारी पोर्टलवर तक्रार केली, तिची यांत्रिक पोच आली. पुढे काही नाही.

गेल्या आठवड्यात तोच नंबर, तसंच लेबल, ऑनलाइन विक्रीला दिसलं. किंमत १२५०. आत वेगळंच कार्ड. मी फोटोसकट विचारलं, विकणाऱ्याने मला ब्लॉक केलं. संध्याकाळी बघितलं तर कुणीतरी ते घेतलं होतं.