हेल्थ कोचचा सहा महिन्यांचा प्लॅन: नाश्ता सुधारला, ॲपने मात्र वैताग आणला

शुगरचा रिपोर्ट काठावर आला. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, 6.1, आणि 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, आधी खाणं सुधारा, तीन महिन्यांनी बघू. ऑफिसमधल्या एकीच्या सांगण्यावरून मी हेल्थ कोचचा सहा महिन्यांचा प्लॅन घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी ॲप्स आता पैशाला पासरी झालीत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तंत्र तेच: आठवड्याला कोचचा एक फोन, मधल्या दिवसांत चॅट, आणि ताटाचे फोटो टाकायला ॲप.

मी बदलापूरहून सीएसएमटीला जाते. सकाळी निघताना चहा आणि खारी, ऑफिसात पोचल्यावर पुन्हा चहा, अकराच्या सुमारास पोटात कावळे कोकलायला लागले की खालच्या गाडीवरचा वडापाव. हे चुकीचं आहे हे सांगायला कोणाला पैसे द्यायची गरज नव्हती. नाचणीत कॅल्शियम, कडधान्यांना मोड आणावेत, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

पहिल्या फोनला मी वही-पेन घेऊन बसले होते, चार्ट उतरवून घ्यायला. कोच कोल्हापूरकडची पोरगी होती, बोलण्यावरून लगेच कळलं. तिने चार्ट दिलाच नाही. विचारलं, "ताई, गेल्या आठवड्यात एखाद्या दिवशी तरी सकाळी व्यवस्थित खाल्लं होतंत का?" मी म्हटलं, हो, गाडीतल्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिने डबाभर इडल्या आणल्या होत्या. "म्हणजे गाडीत खाता येतं तुम्हाला." इतकी वर्षं लोकलने जातेय, पण नाश्ता म्हणजे घरच्या टेबलावरच, असं डोक्यात बसलं होतं.

मग दुसरा प्रश्न. आठवड्यातून तीन दिवस गाडीत खाणं जमेल याची दहापैकी किती खात्री? मी म्हटलं सहा. मला वाटलं विचारेल, दहा का नाही? तर ती म्हणाली, "सहा का? तीन का नाही?" झालं, मीच बोलत सुटले: गाडी बदलापूरहूनच सुटते, बसायला मिळतं, धिरडी रात्रीच्या तयारीवर होतात, सासूबाईंना पहाटे जाग असते. माझ्याच तोंडून माझी कारणं वदवून घेतली बयेने. नंतर वाचलं की ही 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' नावाची पद्धत आहे. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना ती मांडली.

वेळ ठरवायची नाही, स्टेशन ठरवायचं, हेही तिचंच. अंबरनाथ सुटलं की डबा उघडायचा. कल्याणनंतर कोपर हलवायला जागा नसते, त्यामुळे तोवर संपलाच पाहिजे. हा नियम आजही चालू आहे.

पदार्थ कुठलेही परदेशी नाहीत. रात्री वाटीभर हिरवे मूग भिजत घालायचे, सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटायचे, थोडं तांदळाचं पीठ म्हणजे धिरडं तव्यावरून फाटत नाही. चटणी आतूनच लावून गुंडाळी करायची, म्हणजे हात बरबटत नाहीत. पन्नास ग्रॅम मुगात बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब वजनाच्या किलोला 0.83 ग्रॅम, म्हणजे माझ्या 62 किलोला दिवसाला साधारण 51. एका डब्यात जवळपास चौथा हिस्सा आला. उकडलेली अंडी मी एकदाच नेली. लेडीज डब्यातल्या चेहऱ्यांकडे बघून परत नेली नाहीत.

पोहे बंद करायला लावले नाहीत याबद्दल तिला शंभर गुण. दाणे हात सैल सोडून, मूठभर मोड आलेली मटकी, वर लिंबू. लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं आणि लगेच घेतलेल्या चहाने ते अडतं, म्हणून चहा तासाभराने. हे सगळ्यात जड गेलं आणि अजूनही रविवारी पाळलं जात नाही. साबुदाणा खिचडीवर मात्र तिचं मत ठाम होतं: उपासाला खा, पण नाश्ता म्हणू नका, त्यात जे काही प्रथिन आहे ते दाण्याचं.

मी वजनाचं विचारलं तेव्हाही तिने गाजर दाखवलं नाही. 2019 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात 13 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात नाश्ता केल्याने वजन उतरतं असं दिसलं नाही. उलट नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी 260 कॅलरी जास्त गेल्या. "आपल्याला वडापाव सोडवायचाय, वजन नंतर बघू," ती म्हणाली.

आता ॲप. मुगाच्या धिरड्याचा फोटो टाकला की 'डोसा' म्हणतं, थालीपिठाला 'पॅनकेक', आंबोळी यादीतच नाही. एकवीस दिवस झाले की 'सवय लागली' म्हणून पदक, आणि मध्ये एक दिवस चुकला तर मोजणी थेट शून्यावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा आला होता, माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत, आणि एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही असंही त्यात होतं. मेगाब्लॉकला गाडी रद्द झाली की माझं पदक जायचं. मी नोटिफिकेशनच बंद केली.

खरी नाराजी पुढची. चौथ्या महिन्यात न विचारता कोच बदलली. नवीन बाईंनी पहिल्याच दिवशी छापील चार्ट पाठवला: ओट्स, चिया, अव्होकाडो. अव्होकाडो! बदलापूरच्या मंडईत! मी काय खाते हे त्यांनी वाचलंच नव्हतं. तक्रार केली, तर 'तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' असं ठरावीक उत्तर आलं. उरलेले फोन मी निम्मेच घेतले.

रिपोर्ट आता 5.8 आहे. संध्याकाळचं चालणंही याच काळात सुरू झालं, त्यामुळे सगळं श्रेय धिरड्यांना देणार नाही. वडापाव महिन्यातून एखादा, तोही मजेत.

घ्यायचाच असेल तर तीन महिन्यांचा घ्या, सहाची सवलत कितीही गोड वाटली तरी. कोच मध्ये बदलणार नाही हे लेखी मागा. शिक्षण विचारा: इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेली रजिस्टर्ड डायटीशियन वेगळी आणि चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला कोच वेगळा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. पाचपैकी पहिल्या कोचला साडेचार, ॲपला दीड. नूतनीकरणासाठी अजून फोन येतात. जुनी कोच देणार असाल तर बोला, एवढंच मी सांगते.