नव्या ग्राफिक्स कार्डासाठी ७५० वॉटचा एसएमपीएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. ७५० वॉट मला पुरतात आणि व्यवस्थित पुरतात. पण एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेताना खोक्यावरच्या या आकड्याला आपण जेवढा मान देतो, तेवढा तो द्यावा असं आता मला वाटत नाही.

माझं मशीन असं: रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड आधी जीटीएक्स १६६० सुपर होतं, त्याच्या जागी आरटीएक्स ४०७० टीआय सुपर आलं. म्हणजे कार्डाची भूक १२५ वॉटवरून थेट २८५ वर गेली. जुना एसएमपीएस ५५० वॉटचा, ब्राँझ (कार्यक्षमतेत गोल्डच्या खालची पायरी), बरीच वर्षं चाललेला.

कागदावर बेरीज मांडली तर कार्ड २८५, प्रोसेसर गेममध्ये ऐंशी-नव्वद (त्याची कमाल मर्यादा १४२), बाकी सगळं मिळून पन्नासेक. सव्वाचारशेच्या आसपास. मग ५५० वॉट का पुरू नयेत? कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया या कार्डासाठी ७०० वॉट सुचवते. हा सल्ला देताना तुमचा प्रोसेसर किती खादाड आहे आणि एसएमपीएस किती जुना आहे, हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून आकडा ऐसपैस असतो. तेव्हा नवा मागवण्याआधी कार्ड जुन्यावरच लावून पाहिलं.

हलके गेम मजेत चालले. रे ट्रेसिंगवाल्या (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या, कार्डाला जड जाणाऱ्या) गेममध्ये मात्र लोडिंग संपून खेळ सुरू होताना मशीन फटकन बंद पडायचं. निळा स्क्रीन नाही, अडखळणं नाही, एकदम काळोख आणि मग रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१. ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता वीज गेली. का गेली ते तिलाही ठाऊक नसतं. तापमानं नेहमीसारखी होती. शेवटी कार्डाची पॉवर लिमिट (ते जास्तीत जास्त किती वीज खेचेल ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली, तर तोच गेम संध्याकाळभर चालला. शंकेला जागा उरली नाही.

भानगड सरासरीची नसतेच. २८५ वॉट ही कार्डाची सरासरी. आतल्या आत ते मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. वॉटमीटरला किंवा स्क्रीनवरच्या आकड्यांना ती दिसत नाही, एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला दिसते. जास्त करंट खेचला जातोय किंवा १२ व्होल्टची लाइन खाली बसतेय असं वाटलं की ते सगळंच बंद करतं. त्यातही एनव्हिडियाची ४० मालिकेची कार्डं (माझं त्यातलंच) तशी शहाणी. ३० मालिकेत, विशेषतः ३०८० आणि ३०९० च्या बाबतीत, या उड्या चांगल्याच कुप्रसिद्ध होत्या.

म्हणून नवा घेताना मी आधी एटीएक्स ३.१ हे एसएमपीएस कसा असावा ते ठरवणारं मानक पाहिलं आणि वॉट नंतर. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० पासून या उड्यांसाठी लेखी अट आहे. कार्डाला वीज देणारा नवा १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद न कुरकुरता पेलायचा. ७५० वॉटवाल्याने म्हणजे क्षणभर १५०० वॉट. नव्या एसएमपीएसवर कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय आणि इतक्या महिन्यांत मशीन असं एकदाही बंद पडलेलं नाही.

आता त्या १६ पिनांच्या कनेक्टरबद्दल, कारण सगळ्यांना धास्ती त्याचीच असते. जुन्या ८ पिनांच्या कनेक्टरला १५० वॉटची मर्यादा, याला ६००. आकार मात्र लहान. ४०९० हे कार्ड आल्यावर तो वितळल्याचे फोटो फिरले, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता. एटीएक्स ३.१ सोबत आलेल्या १२व्ही-२बाय६ या सुधारित रूपात कार्डाच्या बाजूच्या चार बारक्या सेन्स पिना (वीज न वाहता फक्त इशारा देणाऱ्या) आखूड केल्या आहेत. कनेक्टर अर्धवट बसला तर त्या टेकतच नाहीत आणि कार्ड पूर्ण वीज मागत नाही. २८५ वॉट म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे मी निर्धास्त आहे. तरी दोन पथ्यं पाळतोच: कनेक्टर आणि सॉकेटमध्ये फट दिसेनाशी होईपर्यंत दाबायचं, आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवायची नाही. दुसरं पथ्य माझ्या कॅबिनेटमध्ये अवघड गेलं. बाजूची काच केबलला टेकत होती, म्हणून कार्ड उभं बसवायचा स्टँड घ्यावा लागला. तुमचं कॅबिनेट अरुंद असेल तर ते आधीच मोजा.

एसएमपीएससोबत थेट १६ पिनांची केबल आली. कार्डाच्या खोक्यातला, ८ पिनांच्या केबली १६ पिनांना जोडणारा ॲडॉप्टर तसाच पडून आहे. ज्यांना ॲडॉप्टर वापरावाच लागेल, त्यांनी त्याच्या प्रत्येक ८ पिनांच्या तोंडाला स्वतंत्र केबल आणावी. एकाच केबलला दोन तोंडं असली की सगळा करंट त्याच तारांतून जातो.

आणि जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका, अगदी एकाच कंपनीच्या असल्या तरी. मॉड्युलर (दोन्ही टोकांना सुटी होणाऱ्या) केबलचं मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंही मानक नाही. केबल बसते सुद्धा, म्हणून तर जास्त धोका. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क गेलीच समजा.

वापरातला सगळ्यात मोठा फरक मला आवाजात जाणवला. ब्राउझिंग, लिहिणं, सिनेमा पाहणं यात एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही. गेममध्ये फिरतो, पण कार्डाच्या पंख्यांपुढे ऐकू येत नाही. एक खोड आहे. भार मधल्या पातळीवर रेंगाळला की पंखा सुरू-बंद होत राहतो, आणि शांत खोलीत रात्री तो टक् असा आवाज कानाला लागतो. मी मागच्या बटणाने पंखा कायम चालू ठेवलाय. सतत मंद आवाज असला तरी चालतो, मध्येच टक् झालेलं चालत नाही.

भिंतीच्या सॉकेटवर वॉटमीटर लावून पाहिलं: रिकामं बसलेलं असताना सत्तरेक वॉट, जड गेममध्ये साडेचारशेच्या आसपास. हा आकडा भिंतीकडचा. ७५० हा एसएमपीएस आत किती देऊ शकतो त्याचा. नवा एसएमपीएस गोल्ड आहे. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर ९० टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता, उरलेल्याची उष्णता. ब्राँझवरून गोल्डवर आल्याने वीजबिल पाहून कोणी नाचणार नाही. शिवाय ८० प्लसचा बिल्ला (ब्राँझ, गोल्ड या त्याच्याच पायऱ्या) फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो, आवाज किंवा अचानक आलेला भार पेलणं त्यात येत नाही. त्यासाठी आत उघडून, लोड टेस्टर लावून केलेली परीक्षणं वाचावीत. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या एसएमपीएस दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेतात. एकाच नावाच्या दोन मालिकांच्या आत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. परीक्षण मॉडेलचं वाचा.

यूपीएस असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटचाच असतो. कार्ड बदललं की एसएमपीएससोबत तोही तपासा. वीज गेली आणि तेव्हा गेम चालू असेल, तर ओव्हरलोड होऊन यूपीएसच मान टाकेल आणि तुम्ही बिचाऱ्या नव्या एसएमपीएसला दोष द्याल.

८५० का नाही घेतला, असं मित्र विचारतात. पुढचं कार्ड तीनशे वॉटच्या आतलंच घ्यायचं हे माझं ठरलेलं आहे. ५०७० टीआय ३०० वॉटचं आहे, एनव्हिडिया त्यासाठी ७५०च सांगते. ज्यांची नजर ५०९० या कार्डावर आहे त्यांनी माझ्या ७५० कडे पाहूच नये. ते कार्ड एकटंच ५७५ वॉट खातं, शिफारस १००० ची आहे, आणि सोबत २५३ वॉटपर्यंत जाणारा आय९ १४९००के प्रोसेसर असेल तर मी हजारावरही थांबणार नाही.