फांदीमागे दीडशे : छाटणीच्या नावाखाली झालेली लूट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या तोंडावर नागपुरात आमच्या भागात झाडं छाटणारी एक टोळी पिकअप घेऊन फिरली. त्रिमूर्तीनगरात आमच्या घरी त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहिते आहे. अंगणात जुना आंबा, कडुनिंब, मेंदीचं कुंपण आणि दुपारी घरात फक्त म्हातारी माणसं, अशी घरं ही मंडळी बरोबर हेरतात. खामला, प्रतापनगर, मनीषनगर या बाजूला अशी घरं भरपूर आहेत.

गळ्यात महापालिकेचं म्हणून एक कार्ड, बोलणं घरच्यासारखं. "ताई, मागच्या गल्लीतला निंब आमीच केला. तुमच्या आंब्याची फांदी तारेला लागून राह्यली. पावसाळ्यात काही झालं तर दंड तुमच्यावर येते. फांदीमागे दीडशे द्या, कचरा आमी नेतो, मेंदी फुकटात कातरून देतो." सासूबाईंनी विचारलं, किती फांद्या होतील? "आठ-दहा, आजी. जास्तीत जास्त बारा."

सगळी मेख या दरात आहे. फांदी म्हणजे नेमकं काय, हे ते ठरवून घेत नाहीत. मोठी फांदी बुंध्यापासून उतरवली की तिला फुटलेली प्रत्येक उपफांदी जमिनीवर वेगळी कापायची आणि वेगळी मोजायची. जितकं जास्त कापलं तितका पैसा जास्त, मग झाड राखण्यात त्यांना काय रस असणार! चेनसॉ सुरू झाल्यावर आवाजात हाका ऐकू जाईनात. तारेकडची एक बाजू हलकी करायची होती. त्यांनी आंब्याचा शेंडाच उडवला आणि निंबाचे फक्त खुंट ठेवले. मग हिशेब आला : 137 फांद्या, 20,550 रुपये. वर 'परवानगी शुल्क' म्हणून 3,000 रुपयांची पिवळी पावती, जिच्यावर ना क्रमांक ना शिक्का. पाच माणसं फाटक अडवून उभी, सासूबाईंना बीपीचा त्रास. शेवटी 14,000 रुपये घेऊन ते गेले. जाताना निंबाचे जाड ओंडके तेवढे पिकअपमध्ये भरले, पाला आणि काड्या रस्त्यावर टाकून दिल्या. त्या ओंडक्यांना लाकडाच्या टालीवर पैसे मिळतात. म्हणजे आमचंच लाकूड त्यांनी विकलं आणि तोडायची मजुरीही आमच्याकडूनच घेतली.

महापालिकेच्या झोन कार्यालयात चौकशी केली, तेव्हा आमच्या पत्त्यावरून अर्जच आलेला नव्हता हे कळलं. ही गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. झाड खासगी अंगणातलं असलं, तरी 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही या कायद्यात तोडण्यातच धरलं आहे. खोटी पावती देणारा निघून जातो, उत्तर द्यायला घरमालक उरतो. म्हणून परवानगीचा अर्ज स्वतः करा, पैसे कार्यालयातच भरा. फांदी खरोखर तारेला लागत असेल, तर महावितरणला 1912 वर कळवा; चालू तारेजवळ खासगी माणसाला चढवणं जिवावरचं आहे.

झाडाचं नुकसान मला जास्त लागलं. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या जुन्या काडीच्या टोकाला येतो. सगळी टोकं गेल्यावर पुढच्या बहराची आशा कशाची? त्यात नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे. आजवर सावलीत असलेली साल अचानक उघडी पडली आणि पश्चिमेकडून तडकायला लागली. जड फांदी उतरवताना आधी खालून थोडा काप घ्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा राखून काढायचा, ही माळ्याची साधी रीत आहे. इथे एकदाच वरून करवत चालवल्यामुळे फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलत गेली.

महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे जखमांवर बोर्डो पेस्ट लावली : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, प्लास्टिकच्या बादलीत. उघड्या बुंध्याला चुना दिला. निंबाला धुमारे फुटले आहेत, पण ते कापलेल्या टोकाच्या कडेवरून फुटतात, त्यांची पकड कच्ची असते. त्यातले मोजकेच ठेवून बाकीचे काढत राहावे लागणार.

आता आमचा नेहमीचा माळी येतो. आंबा उतरल्यावर तो फक्त वाळकी आणि एकमेकींत घुसलेली डहाळी काढतो, मोगरा थंडीत छाटतो, मेंदी पावसाळ्यात कातरतो. दर विचारला तर झाडाभोवती फिरतो, कुठली फांदी कुठून कापणार तिथे खडूने खूण करतो आणि मग पूर्ण कामाची एकच रक्कम सांगतो. लाकूड कोणाचं, कचरा कोण उचलणार, हेही त्यात येतं. मोठ्या झाडाला मे महिन्यात हात लावायला तो तयारच होत नाही. आम्ही ही सगळी बोलणी वहीत लिहून त्याची सही घेतो, त्याचाही त्याला राग येत नाही.

पिकअपचा नंबर शेजारच्या कॅमेऱ्यात सापडला आणि आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. एकट्या घराची तक्रार व्यवहारातला वाद समजली जाण्याची भीती असते. दोन गल्ल्या सोडून एका आजोबांनाही अशीच पिवळी पावती दिली होती, त्यांनी आमच्यासोबत येऊन आपली तक्रार नोंदवली. तुमच्याकडेही अशी पावती असेल तर ती फेकू नका, कापलेल्या झाडाचे फोटो काढा आणि ते घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात जा.