गोव्यात हरमलला ड्रेडलॉक्स करून घेतले, १४ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मुद्दाम इतके दिवस थांबून लिहितेय, कारण नवे नवे ड्रेड्स (केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) सगळ्यांचेच भारी दिसतात, काम कसं झालंय ते एक पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही.

आधी पुण्यात एका सलूनमध्ये करून घेतले होते. त्यांनी डबाभर वॅक्स लावलं, दिसायला एकदम गुळगुळीत, पण वॅक्स पाण्याने निघत नाही हे कुणी सांगितलंच नाही. त्यात धूळ, टॉवेलचे तंतू, सगळं चिकटत गेलं आणि आत ओल धरून दोन महिन्यांत कुबट वास यायला लागला. सहा ड्रेड्स कापले, बाकीचे कंडिशनर थापून टेल कोंबच्या टोकाने सोडवत बसले, त्यात चार रविवार गेले. रडायला आलं होतं खरंच.

मग मैत्रिणीने हरमलचं हे दुकान सांगितलं, बीचकडे जाणाऱ्या गल्लीत आहे, एकच खुर्ची. करणारा दादा पेडण्याचा, मराठी मस्त बोलतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने केस बाजूला करून टाळू बघितली आणि म्हणाला ताई, खाज आहे, लाल झालंय, आधी हे बरं करा मग या. म्हणजे पुण्याहून गेलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं त्याने! तेव्हा राग आला होता, आता वाटतं की तिथेच विश्वास बसला.

जानेवारीत परत गेले. दोन दिवस, मिळून ११ तास, १४ हजार रुपये. आधी डोक्यावर चौकोन पाडले, विटा रचतात तसे एकाआड एक, म्हणजे भांगाच्या रेघा दिसत नाहीत आणि मधे टाळू उघडी पडत नाही. एकूण ४६ झाले. प्रत्येक बट मुळाकडे उलटी विंचरून गुंता करायचा आणि मग बारीक क्रोशाच्या सुईने सुटे केस आत ओढायचे. वॅक्स नाही, जेल नाही, काहीच नाही. मुळाशी जरा सैल ठेवले, कारण घट्ट ओढले तर कपाळाजवळचे केस मुळापासून जातात आणि खूप दिवस ओढ राहिली तर ते परत येतच नाहीत. केस कमरेपर्यंत होते ते पाठीच्या मध्यावर आले, लांबी कमी होतेच, मनाची तयारी ठेवा.

पण मी पाच स्टार देतेय ते पुढच्या अर्ध्या तासासाठी. निघताना त्याने विचारलं, ताई, पुण्यात पाऊस किती, घरी हेअर ड्रायर आहे का? आणि मग बसवून धुण्यापेक्षा वाळवण्याबद्दलच जास्त सांगितलं. ड्रेड वरून कोरडा लागतो पण आतून ओला असतो, तसंच झोपलात की आत बुरशी धरते. मी आठवड्यातून एकदा धुते, रविवारी सकाळीच, रात्री कधीच नाही. रिठे रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घेते. शिकेकाईची पूड वापरू नका, कण आत अडकतात आणि निघत नाहीत. फेस टाळूवर चोळायचा, ड्रेड्समधून नुसता वाहू द्यायचा, मग भरपूर पाणी. टॉवेलमध्ये एकेक दाबून पिळायचा आणि जुलैमध्ये तर वर तासभर ड्रायर. कंटाळा येतो, पण पूर्ण पावसाळ्यात एकदाही वास आला नाही.

आता आजीचं सांगते कारण आपल्याकडे हा विषय निघतोच. आजी गडहिंग्लजची. व्हिडिओ कॉलवर मला बघितलं आणि गप्पच झाली, नंतर आईला म्हणाली पोरीला जट आली. तिच्या धाकट्या जावेला आली होती, केस नीट न विंचरल्याने गुंता झालेला, पण लोक म्हणाले यल्लम्मा आली, मग विंचरायचं नाही, कापायचं नाही, वरून हळदकुंकू, वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर आणि उवा. त्या बाईला कुणी विचारलंच नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा आजीचा हात धरून माझ्या टाळूवर ठेवला, चौकोन दाखवले, वास घ्यायला लावला. तिने बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाली, धुतेस होय गं हे? पुण्यात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) नंदिनी जाधव, आधी ब्युटीशियन होत्या, त्यांनी कितीतरी बायकांची समजूत घालून जट कापलीये, ते आजीला सांगितलं तर म्हणाली आमच्या वेळी असं कुणी यायला हवं होतं. म्हणून कुणी माझ्या ड्रेड्सना गमतीने जट म्हटलं तर मी थांबवून सांगते, मी हे स्वतः ठरवून केलंय आणि उद्या नको वाटलं तर स्वतःच कापू शकते.

तक्रारी आहेत. दिलेल्या वेळेनंतर दोन तास थांबवलं. मानेजवळचे दोन ड्रेड्स सहा महिन्यांत एकमेकांत गुंतले, दर धुण्यानंतर हाताने वेगळे करायचे असतात हे सांगायचं त्याच्याकडून राहिलं. आणि पावसाळ्यात दुकान बंद, म्हणजे दर तीनेक महिन्यांनी मुळं सुईने आवळायची ती नेमकी तेव्हा राहतात. त्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं, पण डोक्यामागे हात पोचत नाही, नवऱ्याला बसवावं लागलं.

जाणार असाल तर केस निदान ६ इंच हवेत, डिसेंबरअखेरची गर्दी टाळा आणि आदल्या दिवशी तेल लावू नका, तेलकट केसांत गाठ धरत नाही. मी मेच्या आधी रूट्ससाठी परत जातेय.