वाऱ्यात लँडिंगचा स्पीड: ७३७ की ए३२०?

सिम्युलेटरवर वाऱ्यातलं लँडिंग शिकायला बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० यातलं कुठलं विमान घ्यावं असा प्रश्न असेल तर कॉकपिट कुठलं भारी दिसतं ते सोडा, अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, स्पीड कोण सांभाळतंय ते बघा.

७३७ मध्ये हिशोब तुमचा. हाताने उतरवताना व्हीरेफमध्ये (त्या वजनाला आणि फ्लॅप्सला ठरलेला लँडिंगचा मूळ स्पीड) समोरच्या वाऱ्याचा अर्धा भाग आणि गस्टचा, म्हणजे अचानक येणाऱ्या झोताचा, नेहमीच्या वाऱ्यापेक्षा वरचा भाग पूर्ण मिळवायचा, कमीत कमी ५ नॉट्स, जास्तीत जास्त १५. म्हणजे व्हीरेफ १४०, वारा नाकासमोरून १२ आणि गस्ट १८ असेल तर ६ अधिक ६, स्पीड झाला १५२. टेकायच्या आधी वाऱ्याचे ६ सोडून द्यायचे, गस्टचे मात्र चाकं टेकेपर्यंत ठेवायचे. वारा मागून असेल तर त्याच्यासाठी काहीच मिळवायचं नाही, नुसते ५.

ए३२० ला मॅनेज्ड स्पीडमध्ये (स्पीड विमानाचा कॉम्प्युटर ठरवतो) ठेवलं की टार्गेट स्पीड वाऱ्याबरोबर हलतो, आणि मला हे फार आवडतं. समजा अप्रोचसाठी काढलेला स्पीड, म्हणजे व्हीअ‍ॅप १३७ आणि टॉवरने दिलेला समोरचा वारा २१, तर ग्राउंडस्पीड मिनी, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने कमीत कमी ठेवायचा स्पीड, झाला १३७ वजा २१, ११६. वर १००० फुटांवर वारा ३६ लागला तर टार्गेट जातं ११६ अधिक ३६, १५२ ला, आणि खाली येता येता वारा पडला की आपोआप उतरतं, त्यामुळे वारा अचानक गेला तरी विमानाकडे पुरेशी एनर्जी शिल्लक असते. पण टॉवरचा वारा परफ पेजवर (विमानाच्या कॉम्प्युटरमधलं लँडिंगचे आकडे भरायचं पान) नीट टाकला नाही तर सगळं गणित बिघडतं, विमान उगाच जास्त स्पीड धरून बसतं. आणि स्पीडचा नॉब ओढून स्वतः स्पीड सिलेक्ट केलात की ही सोयच जाते.

जास्तीचा स्पीड फुकट मिळत नाही, १४० ऐवजी १५० ने टेकलात तर ब्रेकना जवळपास १५ टक्के जास्त एनर्जी खावी लागते, ओल्या रनवेवर हे फार महागात पडतं.

थ्रॉटलचं म्हणाल तर एअरबसचे लिव्हर ऑटोथ्रस्टवर (इंजिनचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) जागचे हलतच नाहीत, इंजिन काय करतंय ते एन१ (इंजिनच्या पंख्याचा वेग) बघूनच कळतं, तर ७३७ मध्ये हाताखालीच जाणवतं.

माझं मत, वारा समजून घ्यायचा असेल तर आधी ७३७ घ्या, ऑटोथ्रॉटल (७३७ मधलं ऑटोथ्रस्ट) बंद करून. ते हातात बसलं की मगच ए३२०. आणि दोन्हीकडे ५० फुटांवर स्पीड किती होता ते लिहून ठेवा, कारण फ्लेअरमध्ये (टेकायच्या आधी नाक उचलताना) विमान तरंगत राहिलं तर त्याचं कारण बहुतेक वेळा त्याच आकड्यात सापडतं.