कसारा लोकल, घाट आणि द्राक्षमळे: 20 इंची घडीच्या सायकलीचा कस

ठाण्याहून मोटार न काढता नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत सायकलने हिंडायचं म्हटलं, की घाटाच्या आधी स्टेशनचा जिनाच आडवा येतो. मोठ्या चाकाची सायकल एक्स्प्रेसने न्यायची तर ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल म्हणून बुक करावी लागते, आणि लोकलमध्ये ती टेकवायला जागा मिळत नाही. त्यामुळे बरेच जण 20 इंची चाकांच्या, सात गिअरच्या घडीच्या सायकलीकडे वळतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. ठाण्या-वाशीच्या दुकानांत मिळणाऱ्या या गाड्यांवर स्टिकर वेगवेगळे असतात, पण पायडलपाशी 52 दात्यांचं चेनव्हील, मागच्या चाकावर 14 ते 28 दात्यांच्या चकत्यांचं फ्रीव्हील, रिमला धरणारे व्ही-ब्रेक आणि मधोमध बिजागरी हा साचा बहुतेकांचा सारखाच. लोकलसाठी गाडी फक्कड आहे. पण दुकानातून आणली तशीच कसारा घाटात घालू नये.

कारण गिअर. 20 × 1.75 टायरचा घेर साधारण 1.53 मीटर. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे 52 मागे 28, पायडलच्या एका फेऱ्यात गाडी 2.84 मीटर पुढे जाते. पाम बीच रोडला हे छान चालतं. घाटात बॅगा लादून मिनिटाला 60 फेरे राखायचे तर ताशी 10 किलोमीटरचा वेग धरावा लागतो, आणि अवघड वळणावर तेवढा दम सगळ्यांकडे नसतो. फेरे चाळिसावर येतात, गुडघे कुरकुरतात, मग माणूस हँडल ओढून जोर काढायला बघतो. या गाडीचा हँडलचा दांडा लांब आणि एकाच बिजागरीवर उभा असतो. ओढलं की तो लवतो आणि जोर वाया जातो. कसाऱ्याला 37त 1च्या (37 मीटरला 1 मीटर) चढासाठी रेल्वेलाही मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात, तिथे आपण 52 दाते घेऊन कशाला हिंमत दाखवायची?

40 दात्यांचं चेनव्हील बसवलं की तोच फेरा 2.19 मीटरवर येतो. ताशी साडेसहा किलोमीटरलाही पाय 50 फेऱ्यांनी फिरत राहतात. सपाटीवर वरचा वेग जातो, 80 फेऱ्यांना 27ऐवजी 21 किलोमीटर. टूरिंगला तेवढा पुरे. खरेदीच्या वेळी एक गोष्ट वाकून बघा: चेनव्हील क्रँकला (पायडलच्या दांड्याला) पाच बोल्टांनी बसवलंय की रिव्हेटने ठोकलंय? बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर असेल तर 38-39 दात्यांपर्यंत खाली उतरता येतं. रिव्हेटवालं असेल तर अख्खी क्रँकच बदलावी लागते. चेन सहा कड्यांनी कमी करायला विसरू नका, नाहीतर मागच्या लहान चकतीवर ती लोंबते आणि खड्ड्यात उतरते. चेनव्हीलच्या बाहेरची संरक्षक चकतीही नव्या मापाची घ्या.

काही मेकॅनिक त्याऐवजी 14-34चं फ्रीव्हील सुचवतात. फेरा 2.34 मीटरवर येतो खरा, पण त्याला लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) लागतो आणि लहान चाकाला तो जमिनीच्या फार जवळ लोंबतो. मळ्यांतल्या चिखलाच्या वाटांना हा उपाय आम्हाला पटत नाही.

डिरेलरचं दुखणं लोकलमध्येही आहे. या प्रकारात घडी केल्यावर चेनची बाजू बाहेर उघडी राहते. डब्यात ती बाजू दाराकडे ठेवली, की कुणाची तरी टोपली नाहीतर पोतं तिच्यावर आदळतं आणि डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर आत वाकतो. ठाण्याला ते लक्षातही येत नाही. पुढे चढाला शेवटचा हलका गिअर टाकला, की पिंजरा थेट चाकाच्या तारांत जातो. म्हणून घडी करण्याआधी गिअर सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर आणा, म्हणजे डिरेलर जास्तीत जास्त आत सरकतो, बाहेर कमी डोकावतो. मग चेनची बाजू आपल्या पायांकडे ठेवून उभे राहा आणि कसाऱ्याला उतरल्यावर मागून पाहून पिंजरा सरळ लोंबतोय का ते तपासा.

कसारा लोकलची एक सोय मात्र हवी तशी जुळून येते. सकाळची गर्दी मुंबईकडे, आपण कसाऱ्याकडे, संध्याकाळी उलट. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. लगेजच्या डब्यातून जायचं तर तिकीट खिडकीवर लगेजचंही मागून घ्यावं. 13-14 किलो वजन पुलावर चढवताना जाणवतं, म्हणून बॅगा पाठीला लागतील अशा पट्ट्यांच्या घ्या.

बॅगांचं माप इथे नेहमीचं चालत नाही. मागचं चाक लहान आणि पायडलच्या जवळ, त्यामुळे 20 लिटरची बाजूची बॅग लावली की टाच तिच्यावर आपटते आणि बूड रस्त्याला घासायला येतं. मोठ्या सायकलींच्या पुढच्या चाकासाठी मिळणाऱ्या 10-12 लिटरच्या दोन बॅगा कॅरिअरवर शक्य तितक्या मागे सरकवून लावा. हेडट्यूबवर (हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर) चार बोल्टांची भोकं असतील तर जड सामान तिथे पुढे टाका. ते फ्रेमवर बसतं, हँडलबरोबर वळत नाही. चढाला पुढचं चाक हलकं पडून गाडी डुलते, तेही थांबतं.

बिजागरीची लीव्हर बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. सैल वाटली तर आतला नट पाव आटा फिरवा, जास्त नको. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. खटखट आली तर निघू नका. सीटचा दांडा घामाने आणि ग्रीसने खाली सरकतो. तो स्पिरिटने पुसा आणि आपल्या उंचीला टेपची खूण करा.

ब्रेकला आम्ही काठावर पास करतो. लहान रिम लवकर तापते, म्हणून सामानासकट घाट उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नये, थोडा वेळ दाबून सोडावा. पावसात रिमवरचा काळा राडा ब्रेकची रबरं खातो, आणि इगतपुरीच्या धुक्यात पाच मीटरवरचा ट्रकही दिसत नाही. आमचं मत: चढ सायकलने, उतार रेल्वेने. इगतपुरीहून एक्स्प्रेस पकडा, गाडी पिशवीत घाला.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025ला खुला झाला. त्यावर दुचाकीला मनाई आहे, तेव्हा सायकलला घाटरस्ताच आहे. पहाटेच्या लोकलने पोचा, घोटीपर्यंत कडेची पट्टी सोडू नका. घोटीच्या पुढे महामार्ग सोडला की मुकणे धरणाच्या बाजूला कावनई-सांजेगावचा पट्टा लागतो. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा या वायनरी इकडेच आहेत. सुला वायनरीसाठी नाशिक ओलांडून गंगापूर धरणाकडे जावं लागतं, म्हणजे दुसरा दिवस. घड बघायचे तर जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलींचे उघडे ओलांडे (आडव्या फांद्या) तेवढे दिसतात. वाइन चाखायची तर मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर, आणि वय 21 पूर्ण हवं. नुसतं जंगल हवं असेल तर आटगावला उतरून तानसा अभयारण्याकडे वळा. तिथे मूळचं 52चं चेनव्हीलही निभावून नेतं.

टायरची हवा मागे 60, पुढे 50 पीएसआय. कमी ठेवली तर घोडबंदरसारख्या खड्ड्यात रिमच आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. मळ्यांच्या बांधावर बाभळीचे काटे आणि मांडवाच्या तारांचे तुकडे असतात, तेव्हा दोन ट्यूब, पॅच, पंप, चाकाच्या नटांसाठी 15चा पाना आणि 4-5-6च्या ॲलन की सोबत हव्यातच. लहान मुलांच्या सायकलींनाही हेच माप असल्यामुळे 20 × 1.75ची ट्यूब बाजाराच्या गावात मिळून जाते. मात्र टायरवर 406 हा आकडा (आतल्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये) वाचूनच गाडी घ्या. 451 असेल तर त्या ट्यूबसाठी ठाण्यालाच परतावं लागेल.